शेजवळ उद्यानातली अनवाणी पावलं

१

साहेबांवर घातलेलं निळं कापड चौथऱ्यावर नीट घडी करून ठेवलेलं होतं, आणि साहेब नव्हते.

सपना ओव्हाळने ती घडी उचलून खाली पाहिलं. आज शेजवळ साहेबांची जयंती. मुलुंड आणि नाहूरच्या मधल्या या नव्या बागेच्या कमानीवर ‘अ‍ॅडव्होकेट धोंडिराम शेजवळ उद्यान’ अशी पाटी कालच लागली होती. संध्याकाळी पाचला उद्घाटन होतं, आणि ज्यांच्या नावाने बाग, त्यांचा अर्धपुतळाच पहाटे कुणीतरी उचलून नेला होता. पुतळा फायबरचा, वरून ब्राँझचा रंग दिलेला. एकट्या माणसाला काखोटीला मारून नेता येईल एवढाच जड.

दुःख वगैरे तिला नंतर होणार होतं. आधी भीती वाटली, आणि ती भीती जुनी होती. बागेच्या एका अंगाला प्रबोधननगरची वस्ती, दुसऱ्या अंगाला सागरकिरण सोसायटी. वस्तीला नळ मिळावा म्हणून साहेब कोर्टात उभे राहिले तेव्हा सोसायटीने जंग जंग पछाडून विरोध केला होता. निकाल वस्तीच्या बाजूने लागला त्या दिवशी दोन्हीकडून दगड उडाले. सपना तेव्हा लहान होती, पिंपामागे लपली होती. पत्र्यावर दगड आदळल्याचा आवाज आणि आईच्या कपाळावरून गळणारं रक्त, एवढंच तिला आठवत होतं. तीच आई, द्रौपदीबाई, आज गाणाऱ्या बायकांना घेऊन चौथऱ्यासमोर पहिल्या रांगेत बसणार होती.

“आज इथे कुणाला साधं खरचटतासुद्धा कामा नये,” ती पुटपुटली.

“मग तोंड बंद ठेव,” मागून सबइन्स्पेक्टर रश्मी घाडगे म्हणाली. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, त्यामुळे वर्दी असो नसो, बोलणं असंच. “पुतळा सागरकिरणवाल्यांनी पळवला अशी नुसती कुजबुज झाली ना, तर वाट लागेल. मी चार माणसं चौकीत बोलावली की वस्ती रस्त्यावर. तू पुतळा समितीची सेक्रेटरी. तू कुणाच्या घरी गेलीस तर कुणाला काय वाटणार नाही. साहेबांच्या हाताखाली उलटतपासणी शिकलीस ना? मग कर की आता.”

“आणि तोवर चौथऱ्यावर काय ठेवू?”

त्याचं उत्तर नंदू पालवने दिलं. नंदू म्हणजे बागेचा कॉन्ट्रॅक्टर, कॅमेरा दिसला की मुसंडी मारून मधोमध उभा राहणारा माणूस. आज मात्र तो कडेच्या चालायच्या ट्रॅकवरूनच ओरडला, “मॅडम, माळ्याची बादली घ्या ना! उलटी ठेवायची, वर कापड टाकायचं. कोण बघतंय?” बादलीसुद्धा त्याने ट्रॅकवर उभं राहून हात लांब करून दिली. साहेबांच्या जागी लाल बादली बसली आणि तिच्यावर निळं कापड आलं.

“रश्मी, खाली बघ.”

पेव्हर ब्लॉकच्या फटी भरायला काल नंदूच्या माणसांनी दगडाची पांढरी भुकटी पसरली होती. त्या भुकटीत ट्रॅककडून आत येणारे चपलांचे ठसे होते. थोडं पुढे येऊन ते थांबले होते, आणि तिथे दोन चपला शेजारीशेजारी काढून ठेवल्याची खूण होती. तिथून चौथऱ्यापर्यंत अनवाणी पावलं, परत तशीच अनवाणी, मग पुन्हा चपला. पावलं मोठी होती, पुरुषाची, आणि दोन्ही सारखी टेकलेली.

“चोरी करायला आला आणि चपला काढून गेला?” रश्मी म्हणाली. “साहेबांना मानणारा दिसतोय. म्हणजे तुमच्यातलाच कुणीतरी.”

“पण चौथऱ्याची पायरी तर अजून किती लांब आहे! मोकळ्या फरशीत मधेच कशाला काढल्या?”

मागे फिरताना सपनाच्या पायाखालचा एक ब्लॉक दबला आणि डुगडुगला, तशी ती दचकली.

“बसेल, मॅडम, बसेल! नवं काम आहे!” नंदू लांबूनच हसला.

२

साहेबांना देवासारखं मानणारे आणि तरीही या पुतळ्यावर नाराज असणारे दोघंच होते. पहिले काशीराम राणे. गिरणी बंद पडल्यावर साहेबांकडे कारकून म्हणून लागले ते शेवटपर्यंत. साहेबांच्या केबिनमध्ये ते कधी चपला घालून गेले नाहीत. पुतळा पूर्ण हवा, अर्धा नको, म्हणून गेले सहा महिने त्यांनी समितीचं डोकं खाल्लं होतं.

सपनाने दार लावून घेतलं आणि हळूच सांगितलं. म्हातारा मटकन खाली बसला.

“साहेब नाय? मगे खंय गेले?” आणि मग तिच्या डोळ्यातला संशय त्यांना दिसला. “गो, माझो पाय बघ. ह्यो पाय घेवन मी चौथऱ्यार चढतलंय?”

उजवा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता. पाय फरफटत चालणाऱ्या माणसाला ती सारखी पावलं टाकणं शक्यच नव्हतं. सपनाला ओशाळल्यासारखं झालं.

“काका, विरोध कुणाकुणाचा होता? आठवा बघू.”

“तो सामंत. सागरकिरणचो सेक्रेटरी. मागच्या मीटिंगीत उभो ऱ्हवलो आणि म्हणता कसो, ती जागा चांगली नाय. आमचा टाळकाच सटाकला. आमच्या साहेबांका जागा चांगली नाय? पुढे कायतरी सांगी होतो, तर नंदून माइकच बंद केल्यान. आमी टाळये वाजवले.”

दुसऱ्या साहेबांच्या पत्नी, नलिनीताई. त्या खिडकीशी हरभरे सोलत बसल्या होत्या. त्यांना पुतळा नकोच होता. “हे म्हणायचे, मला दगड करून ठेवू नका, कावळे बसतात,” त्या म्हणाल्या, आणि बातमी ऐकून जराही रडल्या नाहीत. मात्र हातातला हरभरा तसाच राहिला. त्यांची पावलं सपनाच्या तळहाताएवढी होती, तेव्हा त्यांचाही प्रश्न मिटला.

“काल तिन्हीसांजेला बेल वाजली,” नलिनीताई अचानक म्हणाल्या. “दार उघडलं तर कुणी नाही. जिन्यात खाली कुणीतरी म्हातारं माणूस खोकत उतरत होतं. हाक मारली तर पळाल्यासारखं गेलं. मी रात्रभर कडी लावून जागी होते गं.”

“घाबरू नका, ताई.”

“मी नाही घाबरत. तो घाबरला होता.” त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “सामंतांकडे गेलीस?”

“ते माझ्याशी कशाला बोलतील?”

“हे ज्युनिअर लोकांना काय सांगायचे? ज्याचं तोंड बघवत नाही त्याची साक्ष आधी ऐका. विसरलीस?”

सपना जिना उतरत होती तेवढ्यात रश्मीचा फोन आला. आवाज दबका होता. “कुठे आहेस? तुझ्या आईच्या बायका आत्ताच सतरंज्या घेऊन आल्यात. आणि वस्तीतली पोरं विचारतायत, आज पोलीस एवढे का म्हणून.”

३

सागरकिरणच्या फाटकाशी सपना क्षणभर थांबली आणि मग आत गेली. याच फाटकावर आई एकदा कळशी घेऊन उभी होती. वस्तीत ताप पसरला होता, घरात थेंब नव्हता. सुबोध सामंतांनी स्वतःच्या हाताने फाटक ओढून घेतलं होतं. तो खाडकन झालेला आवाज आई अजून बोलता बोलता काढून दाखवायची.

सामंत आवारातच होते. सत्तरीचा, उंच, वाळलेला माणूस. पंप सुरू करायला निघाले होते. आवाराच्या मधोमध जमिनीखाली पाण्याची टाकी होती, वर सिमेंटचं सपाट झाकण, आणि पंपाचं बटण पलीकडच्या भिंतीवर. सपना सरळ झाकणावरून चालत निघाली.

“थांबा!” ते एवढ्या मोठ्याने ओरडले की ती जागच्या जागी गोठली. “चपला काढा. नाहीतर वळसा घालून या. खाली पाणी आहे.”

त्यांनी स्वतः झाकणाच्या कडेशी चपला काढल्या, शेजारीशेजारी ठेवल्या आणि अनवाणी पलीकडे गेले. “आमच्या आईची शिस्त. पाण्याच्या डोक्यावर चपला घालून उभं राहायचं नाही. कोकणातली होती. आता हसतात सगळे, पण पाय ऐकत नाहीत त्याला काय करणार!”

म्हातारपणीचं खूळ, असं मनात म्हणून सपनाने वळसा घातला. प्रश्न मात्र तिने सरळ विचारला. “काल संध्याकाळी नलिनीताईंच्या दारात तुम्ही होता?”

सामंतांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. “मी कशाला जाऊ?”

“मग मीटिंगमध्ये जागा चांगली नाही असं का म्हणालात?”

“बोलू कुठे दिलंत?” त्यांनी वर, गॅलरीकडे पाहिलं. तिथे त्यांची सून तान्ह्या बाळाला घेऊन उभी होती. “ओव्हाळबाई, ऐका माझं. कार्यक्रम हॉलमध्ये घ्या. भाडं सोसायटी देईल. तिथे नका घेऊ.”

“का?”

त्यांनी पुन्हा सुनेकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि पंपाचं बटण दाबलं. पंपाच्या घरघरीत पुढचं बोलणंच संपलं.

या माणसाला ती लहानपणापासून दगडाच्या काळजाचा समजत आली होती. तो इतका भेदरलेला तिने कधी पाहिला नव्हता, आणि तो नेमका कुणाला घाबरतोय हे कळेना म्हणून तिचीही भीती वाढली.

४

साडेचारला बाग भरली. आईने चौथऱ्यासमोर बायका बसवल्या, पेटी लावली, ढोलकी ताणली. मागून माणसं येतच होती. निळ्या कापडाखाली बादली निमूट उभी होती. वारा सुटला होता. कापडाचं टोक फडफडलं की सपना जाऊन ते खाली दाबायची.

“नंदूशेठ, इकडे या ना,” एक फोटोग्राफर ओरडला. “चौथऱ्याशेजारी तुमचा एक घेतो.”

“नको नको, आज मान साहेबांचा!” नंदू ट्रॅकवरून म्हणाला. मग नलिनीताईंसाठी खुर्ची द्यायची वेळ आली तेव्हा त्याने ती मधून न नेता सगळ्या बागेला फेरा मारून नेली. सपना बघत होती. नंदू पालवने फोटो सोडला, हे तिला काही केल्या पटेना.

ती त्याच्याजवळ गेली. “नंदू, सकाळपासून तुम्ही फरशीवर एकदाही पाय ठेवला नाहीत.”

नंदूचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले. “मॅडम, एक सांगू? पुतळा सामंतांनीच नेलाय. मला पक्कं माहीत आहे. तुम्ही जास्त खोदत बसलात ना, तर मी हे माइकवर बोलेन. मग त्यांच्या बिल्डिंगचं काय होईल ते तुम्हीच सांगा. उद्घाटन होऊ दे. बिल निघू दे. सगळे सुखी.”

हा धमकी देत होता, आणि धमकीत खरं बोलत होता की खोटं, कोण जाणे.

ती वळली. समोर सतरंज्यांच्या कडेला चपलांचा हा एवढा ढीग पडला होता. येणारी प्रत्येक बाई सतरंजी सुरू होते तिथे थांबत होती, चपला काढत होती आणि मग आत जात होती. चौथरा लांब होता, तरी चपला तिथपर्यंत कुणी नेत नव्हतं.

सपना बघतच राहिली. माणूस चपला कशाच्या तरी काठावर काढतो. उंबऱ्याशी, सतरंजीशी, पायरीशी. मग मोकळ्या फरशीत, जिथे ना उंबरा ना सतरंजी, तिथे पहाटे आलेल्या माणसाने चपला काढल्या, तेव्हा तो कशाच्या काठावर उभा होता?

‘चपला काढा. खाली पाणी आहे.’

आई त्या काठाच्या आत, बरोबर मध्यावर, मांडी घालून बसली होती.

५

खात्री करायला धावत आलेल्या सपनाला सामंतांनी दार उघडलं. डायनिंग टेबलाच्या खुर्चीत धोंडिराम शेजवळ बसले होते, खांद्यावर धुतलेली शाल.

“खाली विहीर आहे,” सपना म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

म्हाताऱ्याने दाराची चौकट धरली. “आमची. तिथे आमची वाडी होती. मी लहानपणी त्या विहिरीचं पाणी ओढलंय. पुढे वर पत्रे टाकले, त्यावर लोकांनी कचरा टाकला, लोक विसरून गेले. वस्ती नंतर आली, तुम्हाला कुठून माहीत असणार? मला वाटलं, बाग करताना भरून घेतील. महिन्यापूर्वी गॅलरीतून पाहिलं तर नंदूने नुसता पातळ स्लॅब टाकला आणि वर फरशी बसवून मोकळा झाला. चौथरा त्याच्यावर. आणि चार दिवसांपासून फरशी गोल खचतेय.”

“सांगितलं का नाही?”

“कुणाला? मी काहीही बोललो तरी विरोधच. मीटिंगमध्ये तुम्ही टाळ्या वाजवल्यात. नंदूकडे गेलो तर म्हणाला, तोंड उघडाल तर तुमच्या बिल्डिंगवर दगड येतील. नलिनीबाईंच्या दारापर्यंत गेलो, धीर झाला नाही. वाटलं, पुतळाच नसला तर कार्यक्रम रद्द कराल.” त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. “बादली ठेवाल असं कुणाला वाटणार?”

“आणि पहाटे चपला काढल्यात.”

“काढल्या का?” ते खरोखरच गोंधळले. “लक्षात नाही. काठ आला असेल.”

बाहेर एकदम ओरडा झाला. सपना गॅलरीत धावली. वाऱ्याने कापड उडवलं होतं. भर उन्हात, चौथऱ्यावर, लाल बादली चमकत होती. सगळी गर्दी उठून चौथऱ्याकडे रेटत होती.

“उचला साहेबांना,” सपना म्हणाली. “फाटकापाशी येऊन उभे राहा.”

“ते मला मारतील हो.”

“मारतील कदाचित. पण आपण इथे बसलो तर ते नक्की मरतील.”

६

विहीर आहे असं ओरडावं तर पळापळ होणार, आणि हजार पाय एकदम आपटले की स्लॅब तिथेच जाणार. सामंतांचं नाव घ्यावं तर दगड. माइक हातात आला तेव्हा सपनाला साहेबांनी शिकवलेला आवाज लागला, कोर्टातला, संथ.

“साहेब हरवलेले नाहीत! साहेब येतायत. ज्या फाटकातून आपल्याला कधी पाण्याचा थेंब मिळाला नाही, त्याच फाटकातून आज साहेब बाहेर येतायत. त्यांना घ्यायला जाणार, की इथे बादली बघत बसणार?”

गर्दी घुटमळली. सपनाने आईकडे पाहिलं. द्रौपदीबाईंनी लेकीच्या डोळ्यात काय वाचलं कोण जाणे, त्या पदर खोचून उभ्या राहिल्या.

“आई, पुढे हो. गाणं म्हणत चल. हळू. अगदी हळू.”

द्रौपदीबाईंनी सूर लावला. बायका उठल्या, ढोलकी उठली, चपला शोधायला कुणी थांबलं नाही. मिरवणूक म्हटल्यावर पोरंही वळली. सपनाच्या पायाखाली काहीतरी बारीक कुरकुरत होतं. ते फक्त तिलाच ऐकू येत होतं, आणि तिला किंचाळायचं होतं, आणि ती हसत हसत माणसं पुढे लोटत होती. रश्मीने नलिनीताईंना खुर्चीसकट उचललं. सगळ्यात शेवटी काशीराम, गुडघा धरून, सतरंजीवरच.

“पाय उठना नाय गो.”

तिने त्यांना काखेत धरून ओढलं. दोघं ट्रॅकवर कोसळली आणि मागे जमीन बसली. आधी चौथरा कलला, बादली घरंगळली, मग फरशीचा तो अख्खा गोल सतरंज्यांसकट, पेटीसकट आत गेला. खालून पाण्याचा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला.

नंदू कमानीकडे सटकत होता. रश्मीने त्याची कॉलर धरली. “आता काढा ना फोटो, नंदूशेठ.”

सागरकिरणचं फाटक उघडं होतं. मधोमध सामंत उभे होते, साहेबांना छातीशी धरून. समोर सगळी वस्ती. एका पोराच्या हातात दगड होता. सपना धापा टाकत मधे आली आणि तिने सगळं सांगितलं. विहिरीचं, स्लॅबचं, मीटिंगचं, टाळ्यांचं. पोराने दगड खाली टाकला नाही, पण हात खाली घेतला.

द्रौपदीबाई पुढे झाल्या. कपाळावरची ती खूण घामाने चकाकत होती. त्यांनी वळून त्या खड्ड्याकडे पाहिलं, जिथे त्या मघाशी बसल्या होत्या. मग सामंतांकडे पाहिलं.

“द्या साहेबांना इकडे,” त्या म्हणाल्या. “आणि पाणी आणा. घसा सुकलाय.”

सामंतांनी पुतळा त्यांच्या हातात दिला आणि लगबगीने आत वळले. टाकीच्या कडेशी सवयीने थांबले, खाली पाहिलं. घाईत ते घरातून अनवाणीच बाहेर आले होते.

“ओ सामंत,” मागून द्रौपदीबाईंचा आवाज आला. “पेला नको. कळशी आणा. आम्ही खूप जणी आहोत.”